घाण्यागणिक साबण: बेळगावातल्या नोंदी, मे ते नोव्हेंबर २०२४

भज्यांचा असतो तसाच साबणाचाही घाणा. एका वेळी घोटून साच्यात ओतला तो एक घाणा. पद्धत थंड, म्हणजे गॅसवर न शिजवता. एक किलो तेल धरून मूळ कृती अशी:

खोबरेल ३००, पामोलिन ३००, शेंगतेल ३२०, एरंडेल ८०. कॉस्टिक सोडा १४४. पाणी २८८. सगळं ग्रॅममध्ये.

हे १४४ कुठून आले? एका ग्रॅम तेलाचा साबण व्हायला किती कॉस्टिक लागतो, याचे आकडे तेलागणिक ठरलेले आहेत: खोबरेल ०.१८३, पामोलिन ०.१४२, शेंगतेल ०.१३७, एरंडेल ०.१२८. गुणाकार करून बेरीज घेतली की १५१.६ येतात. त्यातला पाच टक्के कॉस्टिक मुद्दाम कमी घ्यायचा. तेवढं तेल वडीत मोकळं राहतं आणि अंघोळीनंतर कातडी ओढत नाही. तेल बदललं की हिशेब पहिल्यापासून. शेंगतेल काढून खोबरेल वाढवलं आणि कॉस्टिक तेवढाच ठेवला तर वडी तेलकट राहते. खोबरेल काढून शेंगतेल वाढवलं तर कॉस्टिक उरतो.

११ मे. घाणा १

घोटायला ब्लेंडर. सहा-सात मिनिटांत ट्रेस आला (ब्लेंडर बंद करून उचलला की त्यावरून पडलेल्या थेंबाची रेघ मिश्रणावर क्षणभर तशीच राहते, तो ट्रेस). लाकडी साच्यात बटर पेपर घालून ओतला.

१३ मे

वड्या पाडताना सुरीखाली शिळ्या बर्फीसारखा भुगा. रंग खडूसारखा पांढरा. ओलं बोट वडीवर घासून जिभेच्या टोकाला लावलं तर बॅटरीचा सेल चाटल्यासारखा झटका. म्हणजे कॉस्टिक उरलाय. (ही चाचणी ओतल्यावर ४८ तासांनी करायची, आधी नाही. आणि लगेच चूळ भरायची.)

काटा बरोबर होता. चूक अशी, की कॉस्टिक काट्यावर मोजला आणि तेलं मोजपात्रात, मिलीमध्ये. तेलाच्या एक लिटरच्या पिशवीवर बारीक अक्षरांत ९१० ग्रॅम छापलेलं असतं, ते वाचायचं. ३०० मिली खोबरेल २७६ ग्रॅमच भरतं, पामोलिन २७३, ३२० मिली शेंगतेल २९१, ८० मिली एरंडेल ७७. एवढ्या तेलाला सगळा मिळून १३९ ग्रॅम कॉस्टिक पुरे होता, पडला १४४. पाच टक्के तेल मोकळं राहायचं, त्याऐवजी साडेतीन टक्के कॉस्टिक मोकळा राहिला.

दुरुस्ती: सगळा साबण हातमोजे घालून किसला. ९० ग्रॅम शेंगतेल आणि १०० ग्रॅम पाणी घालून स्टीलचं पातेलं उकळत्या पाण्यावर ठेवलं, दीड तास, मधून मधून ढवळत. उकडलेल्या बटाट्याच्या लगद्यासारखा झाला की साच्यात दाबून बसवला. ९० कुठून? १४४ ला ०.९५ ने भागलं की १५१.६. त्यातून १३९ वजा केले की साडेबारा ग्रॅम कॉस्टिक पुरेल एवढं तेल कमी आहे. साडेबाराला ०.१३७ ने भागायचं. दिसायला ओबडधोबड, पण झटका गेला.

काट्याबद्दल आणखी एक. स्वयंपाकघरातल्या स्वस्त काट्यावर कॉस्टिक चिमूट चिमूट टाकला तर शेवटच्या चिमटी तो धरतच नाही, शून्यावर आल्यासारखा तिथेच थांबतो. चमच्याने टाकायचा, मग भांडं उचलून परत ठेवायचं आणि पुन्हा वाचायचं.

१९ मे. घाणा २

चाळीस मिनिटं घोटूनही ट्रेस नाही. ब्लेंडर तापला, मिश्रण पाण्यासारखंच. दुकानात "सोडा" मागितल्यावर धुण्याचा सोडा मिळाला होता. त्याने तेलाचा साबण होत नाही. पुडीवर नाव नसेल तर ओळखायची खूण: ५० ग्रॅम पाण्यात १० ग्रॅम टाकून बघायचा. कॉस्टिक असेल तर भांड्याला हात लावता येत नाही. धुण्याचा सोडा असेल तर पाणी जेमतेम कोमट होतं, आणि खडा सोडा असेल तर उलट गार पडतं. मोरी मोकळी करायची पावडर कॉस्टिकच आहे म्हणून वापरू नये. काहींत ॲल्युमिनियमचे कण असतात, पाण्यात पडताच फसफसतात.

तेल वाया गेलं नाही. खाली बसलेलं पाणी काढून टाकलं, तेल भांडी घासायच्या साबणासाठी वेगळं ठेवलं.

२६ मे

भांड्यांची यादी भिंतीवर लावली. जर्मनचं पातेलं कॉस्टिकला चालत नाही: धातू विरघळतो, हायड्रोजन सुटतो, पातेलं काळं पडून भोकं पडतात. काच नको, आतून झिजते आणि उष्णतेने तडकते. स्टील चालतं, किंवा बुडाशी त्रिकोणात ५ आकडा असलेला जाड प्लास्टिकचा डबा. कॉस्टिक पाण्यात टाकायचा, पाणी कॉस्टिकवर ओतायचं नाही. ओतलं तर वरचा थर उकळून उसळतो. द्रावण ८०-९० अंशांपर्यंत जातं आणि त्याची वाफ घशाला लागते, म्हणून खिडकीपाशी. चष्मा, कोपरापर्यंत हातमोजे. अंगावर उडालं तर पंधरा-वीस मिनिटं नळाखाली धरायचं. व्हिनेगर लावायचं नाही.

९ जून. घाणा ३

पाऊस लागला. चार दिवसांनीही साच्यातून सुटेना, बोट दाबलं की खळगा पडतो, बटर पेपरला तेल. घाण्या एकच्या नेमकं उलटं, आणि या वेळी वजनं सगळी काट्यावर केलेली.

कॉस्टिकच्या पापड्या मेमध्ये कोरड्या, खळखळ वाजत होत्या. नुसती गाठ मारून ठेवलेल्या पिशवीत त्या जूनमध्ये एकमेकींना चिकटल्या, काहींवर पांढरी भुकटी. ओलावा खाल्ला, आणि हवेतला कार्बन डायऑक्साइड खाऊन थोड्या भागाचा धुण्याचा सोडा झाला. अशा १४४ ग्रॅममध्ये समजा दहा टक्के पाणी असेल तर खरा कॉस्टिक १३० च. म्हणजे मोकळं तेल पाच टक्के नाही, चौदा. वजन बरोबर, माल कमी.

घाणा मोडला नाही. नऊ आठवडे मुरवायला (पाणी उडून वडी कडक व्हायला) ठेवला; वापरण्यासारखा झाला पण फेस कमी, आणि ओल्या साबणदाणीत चिखल होतो. यापुढे ५०० ग्रॅमचीच बाटली घ्यायची, घट्ट झाकणाच्या जाड प्लास्टिक डब्यात ठेवायची, झाकण काढून मोजेपर्यंत अर्ध्या मिनिटाच्या वर जाऊ द्यायचं नाही. चिकटलेल्या पापड्या साबणाला नाहीत.

पाणीही बदललं. बोअरच्या पाण्यात कॉस्टिक टाकला की पांढरे फटकुरे तरंगतात. तो चुना, आणि साबणातही तो फेस मारतो. पावसाचं पाणी पहिल्या सरी सोडून धरलं, गाळून उकळलं, तर उत्तम. एरवी बॅटरीत भरायचं डिस्टिल्ड पाणी. मागताना "बॅटरीचं पाणी" म्हणून ॲसिड हातात पडणार नाही एवढं बघायचं.

७ जुलै. घाणा ४

हा घाणा फसवा. दीड मिनिटात ट्रेस आला, दाट, छान. ओतला. दुसऱ्या दिवशी वर बोटभर तेल, खाली मेणचट थर, तळाशी पाणी. ते पाणी म्हणजे जवळजवळ निव्वळ कॉस्टिकचं द्रावण, हात लावू नये.

बेळगावचा पावसाळा गार. दुपारीसुद्धा पारा पंचवीसच्या आसपास, आणि खोबरेल चोवीस-पंचवीसलाच थिजतं. तेलं गरम न करता बरणीतून घेतली होती, कॉस्टिकचं पाणीही पूर्ण गार होऊ दिलं होतं. मिश्रण दाटलं ते साबण झाला म्हणून नाही, तेल थिजलं म्हणून. साच्यात रासायनिक क्रियेने थोडं तापलं, तेल पुन्हा पातळ झालं आणि वेगळं निघालं.

खरं-खोटं ओळखायचं असेल तर चमचाभर मिश्रण वाटीत घेऊन वाटी गरम पाण्यात धरायची. पातळ होऊन तेल-पाणी वेगळं दिसलं तर ट्रेस खोटा. खरा ट्रेस उष्णतेने उलट दाटतो. आता तेलं ४० ते ४५ अंशांवर, कॉस्टिकचं पाणी साधारण तेवढंच. ही चूक ओतण्याआधी कळली तर भांडं कोमट पाण्यात ठेवून परत घोटलं की काम भागतं. ओतल्यावर कळली, म्हणून हा घाणा सगळा परत पातेल्यात, तळाच्या पाण्यासकट (ते पाणी फेकलं तर हिशेब मोडला), आणि घाणा १ च्या दुरुस्तीसारखा शिजवला.

१४ जुलै. घाणा ५

पाणी २८८ वरून २४५ वर आणलं, कॉस्टिकच्या १.७ पट. दुप्पट पाणी मे महिन्यात ठीक आहे, इथल्या जुलैत ते बाहेर जायला वाट नाही. ट्रेस लवकर येतो, तेव्हा साचा आधी तयार हवा.

घाण्या एकवर पहिल्या वेळी पांढरी भुकटी दिसली होती, याच्यावर नाही. ती भुकटी म्हणजे वरच्या थरातला कॉस्टिक आणि हवेतला कार्बन डायऑक्साइड. पाणी कमी केलं आणि ओतल्याबरोबर वरून बटर पेपर चिकटवला की येत नाही. आलीच तर वाफ द्यायची. खायला नाही, अंघोळीला आहे, नुसती दिसायला वाईट.

२८ जुलै

वड्यांवर घामाचे थेंब. खराब झाल्या असं नाही. साबण होताना तेलातून ग्लिसरीन सुटतं, ते वडीतच राहतं आणि हवेतलं पाणी ओढतं. पुसू नये, पंखा लावू नये (ओली हवाच अंगावर फेकतो), प्लास्टिकमध्ये तर मुळीच गुंडाळू नये. घाणा कडक व्हावा म्हणून पाण्यात दहा ग्रॅम मीठ घातलं होतं, त्याने घाम वाढला. जून ते सप्टेंबर मीठ बंद.

जागा: स्वयंपाकघर नको, फोडणीचा वास धरतो. पोटमाळ्यावर, बुरडाकडच्या सुपात सुती कापड अंथरून, वड्यांत बोटभर अंतर. दर आठवड्याला उलटवायच्या. १०८ ग्रॅमची खूण केलेली वडी दोन आठवड्यांत १०६. कोरड्या दिवसांत एवढ्या काळात याच्या दुपटीने उतरली असती.

४ ऑगस्ट. घाणा ६

लवंग तेल १० ग्रॅम. टाकलं आणि चार सेकंदांत सगळं पिठल्याच्या गोळ्यासारखं घट्ट. साच्यात चमच्याने ठोकून भरावं लागलं, आत पोकळ्या राहिल्या. लवंग आणि दालचिनी दोन्ही असं करतात. पुन्हा घालायचं तर किलोला तीन ग्रॅम, ट्रेस अगदी हलका असताना, आणि ब्लेंडरने नाही, उलथण्याने. पोकळ्यांत कॉस्टिकचं पाणी साठलेलं असू शकतं, म्हणून दर वडी मधून कापून जिभेवर बघितली. गवती चहाचं तेल किलोला २५ ग्रॅमपर्यंत निमूट मिसळतं. वास टिकतोही बरा.

बाटल्यांबद्दल: इथे तेल गाळायच्या घाण्यावरून आणलेल्या तेलाच्या लेबलावर कधी कन्नड, कधी मराठी, कधी नुसती चिठ्ठी. बेविन एण्णे म्हणजे कडुनिंब, होंगे एण्णे म्हणजे करंज, औडल एण्णे म्हणजे एरंडेल, कुसबी म्हणजे करडई. कडुनिंबाऐवजी करंज पडलं म्हणून धावपळ नको: शंभर ग्रॅमला कॉस्टिकचा फरक पाऊण ग्रॅमसुद्धा नाही. पण कडुनिंब खोबरेलाऐवजी किंवा उलट पडलं तर तो फरक चार ग्रॅमच्या वर जातो.

१८ ऑगस्ट. घाणा ७

रंगाचे चार प्रयोग, पाव-पाव किलोचे.

हळद: मिश्रणात पडताच कुंकवासारखी लाल. नवल नाही, हळदीला चुना लावूनच कुंकू करतात, आणि कॉस्टिक चुन्याचा थोरला भाऊ. मुरताना विटकरी, मग मोहरीसारखा पिवळट. खिडकीत ठेवलेली वडी महिन्याभरात फिकी पडते. किलोला पाच ग्रॅमच्या वर घालण्यात अर्थ नाही.

कडुनिंबाची पानं वाटून: तीन दिवस हिरवी, मग तपकिरी. ओला पाला नकोच. मंजिष्ठा तेलात आठवडाभर भिजवून गाळून घेतली, सगळ्यांत चांगला, फिका गुलाबी-जांभळा, आणि तो टिकला.

खानापूरकडची कौलांची लाल माती: रंग सुंदर, पण पहिल्या वडीने हाताला ओरखडे. चाळून भागत नाही. माती भरपूर पाण्यात ढवळून मिनिटभर थांबायचं, रेती तळाला बसते. वरचं गढूळ पाणी दुसऱ्या भांड्यात ओतायचं आणि रात्रभर निवळू द्यायचं. खाली बसेल ती लोण्यासारखी माती. सुकवून कढईत चांगली भाजून घ्यायची. किलोला दहा ग्रॅम, थोड्या पाण्यात कालवून. कोरडी टाकली तर ठिपके पडतात.

१ सप्टेंबर. घाणा ८ आणि ९

दिवाळीचा हिशेब उलटा मांडायचा. पहिली अंघोळ ३१ ऑक्टोबरला. मुरवणीला कोरड्यात सहा आठवडे, पण पावसाळी सप्टेंबर मध्ये आहे म्हणून आठ. म्हणजे आजच.

उटणं घालायचं तर वस्त्रगाळ, किलोला १५ ग्रॅम. साध्या चाळणीतून गेलेल्या नागरमोथ्याने घाणा ८ चा खरखरीत कागद झाला. कपूरकाचरी, वाळा, नागरमोथा यांची भुकटी साबणात सुवास ठेवत नाही; कॉस्टिक तो मारतो. भुकटी दिसण्यापुरती, वासासाठी वाळ्याचं तेल. घाणा ९ मध्ये तसंच केलं. उटण्यात बेसन किंवा मसूरडाळ असेल तर ते वगळायचं.

२२ सप्टेंबर. घाणा १० (दूध), घाणा ११ (गूळ)

दुधाच्या पाण्यात कॉस्टिक सरळ टाकला तर दूध नारिंगी होऊन अमोनियाचा वास सुटतो. सगळं दूध आधी बर्फ करून घ्यायचं. बर्फाच्या तुकड्यांवर कॉस्टिक थोडा थोडा, भांडं बर्फाच्या पाण्यात. पाऊण तास लागतो. पिवळसर रंग येतोच, दुधातली साखर तापते.

गुळाने फेस खरंच वाढतो. किलोला १५ ग्रॅम, कॉस्टिक टाकण्याआधी पाण्यात पूर्ण विरघळवून. ऊसपट्ट्यात राहून गुळाचा मोह होणारच, पण त्या दिवशी ४० ग्रॅम घातला आणि सवयीने साचा गोधडीत गुंडाळला. वीस मिनिटांत मधोमध फुगून तडकला आणि बाहेर वाहिला. साखर, गूळ, मध, दूध यांपैकी काही असेल तर गुंडाळायचं नाही, साचा उघडा, जमलं तर फ्रिजमध्ये. साधा घाणा मात्र गुंडाळलेला बरा, नाहीतर मध्यभागी तापून गडद वर्तुळ उमटतं आणि कडा फिक्या राहतात.

१३ ऑक्टोबर

घाणा ९ च्या सहा वड्यांवर नारिंगी ठिपके, खवट वास. बाकीच्या चौदा स्वच्छ. या घाण्यात शेंगतेल संपलं म्हणून १५० ग्रॅम करडईचं तेल घातलं होतं (आकडा ०.१३७ च, कॉस्टिक बदलला नाही). करडईत लिनोलिक आम्ल पाऊणएक हिस्सा, ते हवेने लवकर बिघडतं. पण मग सगळ्याच वड्यांवर ठिपके यायला हवे होते. सहाच्या सहा वड्या सूप कमी पडलं म्हणून लोखंडी जाळीवर ठेवलेल्या निघाल्या. लोखंड, तांबं लागलं की खवटपणा धावतो. जाळी रद्दीत, करडई किलोला ५० ग्रॅमच्या आत. ठिपक्यांच्या वड्या कपड्यांना.

१० नोव्हेंबर

घाणा ५ ची खुणेची वडी: १०८ वरून ९६. गेले दोन आठवडे हलली नाही, मुरली. दिवाळीला घाणा ८ च्या वड्या पुरल्या, खरखर सगळ्यांनी सोसली.

विक्रीची विचारणा झाली. कॉस्मेटिक्स रूल्स २०२० खाली उत्पादनाचा परवाना लागतो, तोपर्यंत घरात आणि शेजारात.

सकाळी थंडी आहे. खोबरेलाची बाटली वरून पातळ, खाली पांढरी घट्ट. पामोलिनही गढूळ. वरचं वरचं ओतून मोजायचं नाही. डबा अख्खा कोमट पाण्यात ठेवून, पूर्ण पारदर्शक झाल्यावर ढवळून, मग काट्यावर. घाणा १२ साठी पाणी परत २८८.